अठरावर

साकोलीच्या स्टँडमागे, झेरॉक्सच्या वरच्या खोलीत
रात्री साडेदहाला
दुर्योधन लांजेवारांचं घर उघडून बसलेय स्क्रीनवर.
सतरा फोटो. त्यांतला नववा.

घर गावाच्या टोकाला, बोडीच्या पाळीजवळ.
आता तिथं पाहुणे उतरणार, जंगल बघायला आलेले.
दोन खोल्या, नवा संडास, पलंगावर फुलाफुलांची चादर.
निघताना दुर्योधनभाऊ म्हणाले,
"फोटो धुरकट नोको हो ताई,
पुण्या-मुंबईचा मानूस पाह्यते,
त्याले साफ दिसलं पाह्यजे."

नवव्यात सयपाकघर.
कवेलू सरकलं तिथून उतरलेला कवडसा,
आढ्यापासून चुलीपर्यंत उभा,
आणि त्यात सायत्राबाईंनी नुकतीच मारलेली फुंकर,
राखेसकट.
मी म्हटलं होतं, हलू नका.
त्या हलल्या नाहीत. धूर हलला.

धुकं काढायची एक पट्टी असते.
उजवीकडे सरकवायची, बस.
पाचवर काही कळत नाही.
विसावर मडकी आपापल्या कडा सांभाळून उभी राहतात.
चाळीसवर सारवणातली बोटं दिसू लागतात,
अर्धगोल, एकात एक,
आणि वाटतं, अजून थोडं.

हे अजून थोडंच वाईट.
साठवर कवडसा गेला.
विझला असं नाही,
भिंतीवर नुसता पांढरा चट्टा उरला,
कुठून आला ते न सांगणारा.
कोपरे शाईत बुडालेले. पितळेचा गुंड निळसर, आजारी.
आणि खांबाशेजारी, बसलेल्या माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर
तेलाचा एक गोल डाग,
जो त्या खोलीत उभी असताना मला दिसला नव्हता.
कोणीतरी तिथं टेकत असणार,
जेवण झाल्यावर, कित्येक वर्षं.
सायत्राबाईंनी त्यावर पोतेरं फिरवलं होतं, दोनदा तरी.
त्याचेही फराटे आले.

खोटं काहीच नव्हतं त्यात.
तरी मी पट्टी मागे ओढली,
न विचारता कुणाची पेटी उघडल्यासारखं झालं.

मग फोटो मोठा करून पाहिला.
धुरकटपणा सगळीकडे एकाच जातीचा नव्हता.
डावीकडे वर, चुलीपासून लांब,
जिथं धूर जायचं काही कारण नाही,
तिथं एक पांढुरकी साय.
दहाव्यातही तिथंच. अकराव्यातही.
अंगणातल्या चौदाव्यातही,
जिथं चूल नाही की छप्पर नाही.

कॅमेरा पिशवीतून काढला,
लेन्स दिव्याखाली तिरपी धरली:
माझाच अंगठा.
सकाळी लाखनीच्या फाट्यावर तर्री-पोहे खाल्ले होते.
हात पुसले होते, असं माझं मत होतं.

म्हणजे दोन तास मी
दुसऱ्याच्या घरातून
स्वतःच्या नाश्त्याचं तेल उपसत होते.

आता ब्रश घेतला, लहान, मऊ कडेचा,
अंगठा होता तिथंच फिरवला, जोर लावून.
बाकीच्या खोलीला अठरा.
अठरा का, ते सांगता येणार नाही.
सतरावर मडकी झोपेत वाटली,
विसावर राख उडायची थांबली.
डाग अठरावरही आहे,
पण शोधणाऱ्यालाच सापडेल इतका.

सकाळी पाठवला.
उत्तर आलं, "थोडा धूर राह्यला ताई."
मी काय लिहावं याचा विचार करत राहिले.
बऱ्याच वेळानं, त्याच नंबरवरून,
"राहू द्या. सयपाक सुरू हाय असं वाटते."
हे कोणी लिहिलं, कळलं नाही.

तोवर मी दहावा उघडला होता.
लेन्स टेबलावर तशीच,
पुसायची राहिलेली.